घोड्याच्या साजाची अकरा पदके

मी, त्र्यंबक विष्णू सबनीस, वय चौसष्ट, निवृत्त इंजिनिअर, राहणार नोव्हाय, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. १९८१ साली केलेले मृत्युपत्र आता रद्द समजावे. डॉक्टरांनी राग करू नका असे बजावले आहे. या कागदापुरता मी त्यांचा सल्ला मानणार नाही.

१. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक पत्नी सौ. कांचन हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण या घरात सांगितलेले काम करणारी ती एकटीच आहे.

२. गॅरेजमधली हत्यारे चिरंजीव चारुदत्त याला. त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही, तरी द्यावीत. शिकेल.

३. आता मुख्य मुद्दा. मध्ययुगातल्या इंग्लंडमधील घोड्यांच्या साजावरची अकरा पदके माझ्याकडे आहेत. सहाशे वर्षांपूर्वी सरदारांच्या घोड्यांच्या छातीवरील पट्ट्याला ती लोंबत असत. रुपयाहून थोडी मोठी, तांब्याच्या मिश्रधातूची, वर सोन्याचा मुलामा आणि लाल-निळा मीना. मी आयुष्यभर मोटारींच्या बंपरवर क्रोम चढवले, ते इथल्या चार हिवाळ्यांत गंजते. चिखलात धावणाऱ्या घोड्यावरचे हे सोने सहाशे वर्षे टिकले होते. कंपनीच्या कामासाठी बर्मिंगहॅमला जाई तेव्हा मी ती एकेक करून जमवली.

ते सोने १९८३च्या खंडेनवमीला गेले. माझ्या वहिनी, म्हणजे कै. दिगंबरदादांच्या पत्नी श्रीमती शरयू, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि त्यांचे परतीचे विमान दोन दिवसांवर आले होते. त्यांच्या माहेरी टांग्याचा धंदा होता. मी लायब्ररीत गेलो असताना त्यांनी काचेचे कपाट उघडले आणि चिंच, मीठ व तारेची घासणी घेऊन अकराही पदके लख्ख केली. मी आलो तेव्हा ती पाटावर मांडलेली होती, वर हळदकुंकू आणि अंगणातली शेवंती.

"भाऊजी, घोड्याचा साज पूजेला असा कळकट ठेवतात का?" हे वर मलाच. मी काय काय बोललो ते येथे लिहीत नाही. कांचन म्हणाली, "अहो, त्यांना काय माहीत!" माहीत नव्हते तर विचारायचे होते. मी संध्याकाळी घरीच येणार होतो.

४. पुढे ही पदके मी एका म्युझियमला फुकट देऊ केली. तिथल्या बाईंनी एक पदक दोन बोटांत धरले आणि संशोधनाला आता निरुपयोगी म्हणून परत ठेवले. त्या म्युझियमला माझ्या नावाने एक सेंटही देऊ नये. चारुदत्त म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट ब्रास. लेट इट गो." म्हणून त्यालाही पदके नाहीत.

५. एक गोष्ट मी आजवर कांचनलाही सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी कांचन आत निघून गेल्यावरही मी ओरडत असताना वहिनींनी सिंहाचे पदक उचलून माझ्यासमोर धरले होते. "कडी बघा, एकाच अंगाने झिजलीय. हा घोडा एका पायाने लंगडत असणार. आमचा पण शेवटी तसाच झाला, त्याच्या साजाच्या कड्या अशाच झिजल्या होत्या."

कडीच्या झिजेवरून घोड्याची चाल ओळखता येते, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हते. त्याच आठवड्यात मी ते लिहायला घेतले आणि सहा महिन्यांनी ते इंग्लंडमधल्या एका त्रैमासिकात छापून आले. "माझ्या लक्षात आले की" अशी सुरुवात केली. प्राध्यापकांची पत्रे आली, शिकागोला व्याख्यान झाले, मानपत्र मिळाले. ते दिवाणखान्यात टांगलेले आहे. लेखात वहिनींचे नाव नाही.

६. सबब अकराही पदके आणि ते मानपत्र श्रीमती शरयू दिगंबर सबनीस, सातारा, यांना मिळावे. त्रैमासिकाला लिहिलेले खुलाशाचे पत्र सोबत आहे. ते कांचनने पदके पाठवील त्याच दिवशी पोस्टात टाकावे.

पदके घासली म्हणून मी पाच वर्षे वहिनींशी बोललो नाही, असे सगळे नातेवाईक समजतात, आणि मी समजू दिले. तो राग दिवाळीपर्यंतही टिकला नसता. बोललो नाही, कारण फोन उचलल्याबरोबर त्यांनी विचारले असते, "भाऊजी, त्या लंगड्या घोड्याचं पुढे काही कळलं का हो?"

वरील मजकूर मी पुन्हा वाचून, ज्यांना यातले काहीही मिळणार नाही अशा दोघांसमोर सही केली आहे.

सही: त्र्यंबक विष्णू सबनीस

साक्षीदार:
१. डॉ. प्रल्हाद श्रीराम वर्तक, नोव्हाय
२. सौ. सुचित्रा अनिल देवस्थळी, नोव्हाय

स्थळ: नोव्हाय, मिशिगन
दिनांक: ११ जून १९८८