दुसऱ्या दिवशी बोलायचं असतं

रविवार, १७ मे
सकाळ

प्रिय धाकट्या,

तू बरा असशील असं धरून चालते. लोकांच्या लिफ्ट बंद पडायच्या थांबत नाहीत, तेव्हा आजारी पडायला तुला सवड कुठली? तुझ्या बायकोची, आमच्या नर्सबाईंची, पाठ आता कशी आहे? पेशंट उचलताना एकटीने वाकू नकोस म्हणावं तिला. मी ठणठणीत आहे. तुझी ठकू सुखरूप आहे. वेळेवर जेवते, माझ्या कुंड्यांना माझ्यापेक्षा नियमाने पाणी घालते आणि मधूनच, "आत्या, तू एकटी असताना रेडिओशी भांडतेस हे बाबांना माहीत आहे का?" असं विचारून मला गप्प करते. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण मला गप्प करणारी विद्यार्थिनी भेटली ती निवृत्तीनंतर, आणि तीही सोळा वर्षांची.

तिला इथे सोडताना तू माझ्या हातात चिठ्ठी ठेवलीस आणि मी वाचायच्या आत जिना उतरून गेलास. "ताई, केंद्रात शिकवलंस ते सगळं केलं. एकही नियम मोडला नाही. तरी पोरगी तोंड उघडत नाही. कुठे चुकलं ते सविस्तर कळव." आयुष्यभर लोक मला "थोडक्यात सांगा हो" अशी विनवणी करत आले. "सविस्तर" म्हणणारा तू पहिलाच. तेव्हा आता भोग आपल्या कर्माची फळं.

प्रथम हे सांगते की तू चुकला नाहीस. तू अर्ध्यावर थांबलास. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो नीट मांडता यावा म्हणून मुळापासून सुरुवात करते.

आमचं पालक-केंद्र काय करतं असं कोणी विचारलं, तर मी सांगते की मुलं दारूपासून आणि नशेच्या गोळ्यांपासून दूर राहावीत म्हणून आम्ही त्यांच्या आईबापांना बोलायला शिकवतो. ऐकणाऱ्याला हे फारच किरकोळ वाटतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, डुगडुगत्या खुर्च्या आणि दर बुधवारी दिवसभराचं काम उरकून आलेली दमलेली माणसं; यातून काय होणार? पण पोर पहिला घोट घेतं त्याच्या कितीतरी आधी त्याच्या मनात एक हिशेब झालेला असतो: हे घरी सांगता येईल की नाही? तो हिशेब आपल्या बाजूने वळवणं, एवढंच आमचं काम. ते बाहेरच्या कोणालाही जमत नाही, आईबापांनाच जमतं, म्हणून तर मला या कामाचा इतका उत्साह.

'पहिलं वाक्य' हा सराव तुला आठवत असेल. एकाने दाराबाहेर जायचं, पिऊन आलेलं पोर होऊन आत यायचं, आणि दुसऱ्याने आईबाप होऊन पहिलं वाक्य बोलायचं. बसचालक गरजला, "ही काय धर्मशाळा आहे?" शिंपीबुवा कपाळावर हात मारून म्हणाले, "आता लोकांना काय तोंड दाखवू?" बेकरीवाल्या बाईंनी मात्र समोरच्याला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आधी पाणी पी. घरी आलास ना, बास." सगळे हसले. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले, कारण या वेळी घरी काय घडतं यावरच पुढच्या वेळी पोर घरी येतं की दुसरीकडे जातं ते ठरतं. मग तुझी पाळी आली. तू काहीच बोलला नाहीस, दाराची कडी धरून नुसता उभा राहिलास. वर्गाला वाटलं तू लाजलास. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

त्याच बुधवारी तू करार घरी नेलास. आमच्या कराराची वाक्यं दोनच आहेत. "कुठेही अडकलीस, घाबरलीस, अगदी स्वतः प्यायलेली असलीस तरी फोन कर, मी येईन आणि त्या दिवशी एकही प्रश्न विचारणार नाही." हे पहिलं. "दुसऱ्या दिवशी आपण बसून बोलू." हे दुसरं. पहिल्या वाक्याने पोराला घरी आणायचं आणि दुसऱ्याने घरात ठेवायचं, अशी ती जोडी आहे.

पहिलं वाक्य तू ज्या प्रकारे पाळलंस, ते मी माझ्या वर्गात उदाहरण म्हणून सांगेन.

आता त्या दुपारविषयी. ठकूने लिहायची परवानगी दिली आहे. "लिही, पण मी रडले ते लिहू नकोस," असं तिने बजावलं आहे, म्हणून ते मी लिहीत नाही. मैत्रिणीचे आईवडील गावाला गेले होते. परीक्षा संपल्याच्या आनंदात तिथे बाटल्या निघाल्या. तिने दोन पेले घेतले. मग कुणीतरी वाटीत गोळ्या ठेवून ती वाटी फुटाण्यांसारखी फिरवायला लागलं. वाटी तिच्यापर्यंत आली तेव्हा ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि तुला फोन केला. "आत्या, बाबा मला वाटलं त्याच्या आधी आले," ती म्हणाली. "अंगावर तेलाचे डाग, कामावरून तसेच. पाण्याची बाटली दिली, गाडीची खिडकी उघडली. मला इतकं बरं वाटलं, की वाटलं आता सगळं सांगून टाकावं. पण आज प्रश्न नाहीत असं ठरलं होतं ना, म्हणून म्हटलं उद्या सांगू."

तो उद्या आला नाही, धाकट्या. दुसऱ्या दिवशी ती लवकर उठून तुझी वाट बघत टेबलाशी बसली. तू पेपर वाचलास, पंख्याला तेल घालायला हवं म्हणालास आणि कामावर गेलास. नर्सबाईंनी "कोर्स तुम्ही केलाय, तुम्हीच बोला" म्हणून हात झटकले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं औषधांचं फडताळ रिकामं होतं. खोकल्याचं औषध, नर्सबाईंच्या पाठीच्या गोळ्या, सगळं नाहीसं झालं होतं आणि तुमच्या खोलीतल्या कपाटाला नवं कुलूप होतं. औषधं कुलपात ठेवा, हे मीच सांगितलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण त्यासोबत "का ठेवतोय ते पोराला सांगा" असंही सांगितलं होतं. तू एक शब्द न बोलता कुलूप लावलंस. त्या कुलपाचा तिने लावलेला अर्थ तिच्याच शब्दांत लिहिते: "बाबांनी मला चोर ठरवलं. रागावलेसुद्धा नाहीत. रागावण्याइतकीही मी त्यांची उरले नाही."

इथे तुला पत्र मिटून ठेवावंसं वाटेल. तरी पुढे वाच.

गुरुवारी तिने मला विचारलं, "मी इथेच राहू का? इथल्याच शाळेत जाईन." मी चौकशी केली. जागा आहे, पुढच्या सोमवारपर्यंत निर्णय कळवायचा आहे. आणि आता जे लिहू नये असं मला चार दिवस वाटत होतं, ते लिहिते. मला ती हवी आहे. माझ्या घरात इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या चपला नव्हत्या. सकाळी तिच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू येतं तेव्हा मी चहा मुद्दाम सावकाश करते. "चुकलं काही नाही, राहू दे तिला इथेच," असं दोन ओळींत तुला कळवलं असतं, तर तू मुकाट्याने मान्य केलं असतंस. म्हणूनच हे पत्र लांबलं आहे. तिला राहायचं आहे ते माझ्यावरच्या प्रेमामुळे नाही. तू तिला परत बोलावणार नाहीस असं तिला वाटतं, म्हणून. अशा कारणाने मिळालेलं पोर मला नको.

तू गप्प का राहिलास, हे मला तुझ्या चिठ्ठीआधीच ठाऊक होतं. तू दाराची कडी धरून उभा राहिलास ना, तेव्हाच. त्या वर्गात मला आपलं जुनं घर दिसलं. आपल्याकडेही दुसरा दिवस असाच असे. आई चहा गाळायची, आज ढग आहेत का ते आपण खिडकीतून बघायचो, आणि तू चमचा आवाज न करता बशीत ठेवायला शिकलास तेव्हा तुझे पुढचे दात पडलेले होते. अण्णा पीत असत. बघ, इतके वर्ग घेतले, इतक्या आईबापांना "नाव घेऊन बोला" म्हणून सांगितलं, आणि हे वाक्य मी कागदावर आज पहिल्यांदा लिहिलं. त्या घरात गप्प बसणं हे शहाणपण होतं. माया होती. आपण बोललो असतो तर आईलाच त्रास झाला असता. तू ठकूला तुला ठाऊक असलेली सर्वांत मोठी माया दिलीस, धाकट्या. पण तिला ती ओळखूच आली नाही, कारण ती आपल्या त्या घरात वाढलेली नाही. हे श्रेय तुझंच.

आणि तुला बोलता येत नाही, हे तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. एकदा मी तुझ्यासोबत होते, एका इमारतीत लिफ्टमध्ये एक आजोबा अडकले होते. तू हत्यारांची पिशवी उघडण्याआधी दाराच्या फटीला तोंड लावलंस. "काका, मी आलोय. आता तुम्ही बाहेर येईपर्यंत इथून हलत नाही. नातवंडं किती तुम्हाला?" हात काम करत होते आणि तोंड अखंड चालू होतं. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणालास, "ताई, आतल्या माणसाला पडायची एवढी भीती नसते गं. आपण आत आहोत हे बाहेर कुणाला कळलंय की नाही, त्याची असते." याहून चांगलं व्याख्यान मला आजवर देता आलेलं नाही.

काय बोलायचं ते मी लिहून देणार नाही. पाठ केलेलं पोरांना लगेच कळतं. तुला भीती वाटली ते सांग. औषधं कुलपात का गेली ते सांग. पिणं तुला मान्य नाही हेही स्पष्ट सांग, त्यात गुळमुळीतपणा नको. मुलांना नियम हवे असतात, ते कुणी तरी तोंडाने सांगावे लागतात एवढंच. मग तिचं ऐक. ती रागावेल. रागावू दे.

शनिवारी ये. तिला न्यायला ये असं म्हणत नाही, बोलायला ये.

तुझं उत्तर काहीही आलं तरी तुझीच असलेली,
ताई


रविवार, २४ मे

प्रिय धाकट्या,

तुम्ही पोहोचल्याचं ठकूने कळवलं. तू दिलेली शिळ्या बिस्किटांची पुडी मी चहात बुडवून संपवली. लिफ्टवाल्यांना बिस्किटं निवडता येत नाहीत, हे आता सिद्ध झालं आहे.

काल मी पाव आणायला गेले ते मुद्दाम, हे तुला कळलं असेलच. परतले तेव्हा जिन्यातच आवाज ऐकू आला.

"तुम्ही मला चोर समजलात!"

"चोर कशाला समजेन? अगं, भीती वाटली मला!"

"मग म्हणायचं ना तसं!"

"मला येत नाही म्हणायला!"

"आत्ता म्हणताय की!"

इतकं सुंदर भांडण मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग तुझा आवाज खाली आला आणि "तुझे आजोबा" एवढेच दोन शब्द माझ्या कानांवर पडले. पुढचं माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी एक मजला खाली उतरून पायरीवर बसले. खालचे शिंपीबुवा बाहेर आले. "काय बाई, किल्ली विसरलात?" मी हो म्हटलं. त्यांनी बसायला स्टूल आणून दिलं आणि काही न विचारता पुन्हा मशीनवर जाऊन बसले. आमच्या वर्गाचा परिणाम, दुसरं काय!

बॅग भरताना ठकू मला म्हणाली, "आत्या, शाळा तिकडचीच राहू दे. बाबांना अजून नीट भांडता येत नाही. अर्ध्यावर सोडून कसं चालेल?" मैत्रिणीकडे जायचं असेल तर तिच्या आईवडिलांशी तू आधी बोलणार, या नियमावर तिने नाक मुरडलं, पण फोन नंबर लिहून द्यायला तुझंच पेन मागितलं, हे मी पाहिलं. उद्या शाळेत जागा नको म्हणून कळवीन. थोडं जड जाईल. जाऊ दे.

आता माझ्या मनातलं. अण्णांविषयी जे तू काल तिला सांगितलंस, ते तू मला कधी सांगितलेलं नाहीस. मीही तुला काही सांगितलेलं नाही. एकाच घरात एकाच भिंतीला पाठ लावून आपण दोघं जागे असायचो, आणि दुसरा झोपला आहे असं दोघंही समजायचो. तू बुधवारी येशील तेव्हा वर्ग सुटल्यावर थांब. ठकूला या खेपेला आणू नकोस. खुर्च्या आवरून झाल्या की बसू. सुरुवात तुला जमली नाही तर मी करीन, आणि मला जमली नाही तर थोडा वेळ नुसते बसू, पण उठायचं नाही.

तुझ्याइतकीच घाबरलेली,
ताई