मामांचा पटका पांढरा करण्याची सौम्य पद्धत

३ मार्च १९७४, रविवार
ब्लीचिंग पावडरशी संबंध संपला. चांगल्या शर्टाच्या पाठीची चाळणी झाली. आजपासून फक्त सौम्य उपाय. माधवनगरच्या मिलमध्ये अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं ते उगाच नाही.

प्रयोगाला कापडही हाताशी आहे. काल जतकडच्या सासरवाडीहून सासऱ्यांचा, म्हणजे सिद्धूमामांचा, पटका आणला. मूळ त्यांच्या वडिलांचा. ते जाऊन वीस वर्षं झाली. पटका वर्षभर देवाजवळ खुंटीला असतो, फक्त बिरोबाच्या जत्रेत डोक्यावर चढतो. भंडारा उधळून उधळून हळदीने पिवळाजर्द झालाय. यंदा २३ तारखेला पालखीपुढे उभं राहायचा मान मामांना आहे. तोवर लख्ख करून नेतो. मामा मेंढरांमागे रानात होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून विचारलं नाही. सरप्राइज. लग्नाला दहा वर्षं झाली, मामांनी मला एकदाही शहाणा म्हटलेलं नाही. यंदा म्हणतील.

४ मार्च
बायकोला पटका दाखवला. अंजना वडिलांना दादा म्हणते. म्हणाली, "आवं, देवाजवळची वस्तू. दादास्नी इचारलं तरी का?" सरप्राइज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. समजलं नाही.

५ मार्च, सकाळी ७
कोमट पाणी, धुण्याचा सोडा.
७.१०. पटका लाल झाला. कुंकवासारखा.
७.३०. चांगलं लक्षण. मळ बाहेर येतोय.
संध्याकाळी ६. मळ बाहेर आलेला नाही.

७ मार्च
सहा लिंबं पिळली. लाल गेला, पिवळा परत आला. प्रगती. अंजना म्हणते, होतो तिथंच आलो आणि वर लिंबं गेली. तिला प्रोसेस कळत नाही.

१० मार्च, रविवार
रिठे. कुटताना तासभर शिंकलो. फेस उत्तम. पिवळा तसाच, पण पटका मऊ झाला. मऊपणाचं कुणालाच कौतुक नाही.

१३ मार्च
आज नीळ. पांढऱ्या कपड्याला नीळ द्यावीच लागते. मात्र पिवळ्याला दिली तर तो हिरवा होतो. हे शाळेत ड्रॉइंगच्या तासाला शिकवलं होतं. आठवलं उशिरा.
दहा दिवस उरले. घाबरलेलो नाही. जेवण गेलं नाही ते उकाड्यामुळे.

१४ मार्च
अंजनाने परस्पर अर्जुना परटाला विचारलं. तो हसला म्हणे. निरोप असा: "पयली लिंबानं नीळ काढा. मंग वल्ला करून उन्हात टाका. सुकला की परत वल्ला. हळदीला ऊन सोसत न्हाई. आन् सायबास्नी सांगा, लय शानपना करू नगा."
फुकटचा उपाय. फुकटच्या उपायात सायन्स नसतं.

१५ मार्च
उन्हाचा प्रयोग माझ्या मनात पहिल्यापासून होताच. आज सुरू केला.

१९ मार्च
पांढरा! दुधासारखा! पद्धत यशस्वी. चार दिवस पाणी मारायचं काम अंजनाने केलं, पण माझ्या देखरेखीखाली. मी मिलमध्ये होतो तेवढा वेळ सोडून.

२१ मार्च
इस्त्री करून घडी घातली. मिलमध्ये सगळ्यांना सांगून झालं. मामा शहाणा म्हणाले तर काय बोलायचं, तेही ठरवलं. "त्यात काय एवढं."

२३ मार्च, शनिवार. सासरवाडी.
पटका सापडत नाही म्हणून सासरच्यांनी आठवडाभर घर उलटंपालटं केलं होतं. मामा दोन दिवस जेवले नव्हते. मी घडी हातात दिली. मामांनी उलगडली, उलटसुलट बघितली, वास घेतला.
"ह्यात माज्या बाचा भंडारा व्हता," म्हणाले. "त्येच्या डोस्क्यावरचा. म्या साधं पानीबी लावलं न्हवतं."
ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. तोच पटका बांधून पालखीपुढे जाऊन उभे राहिले.

आमच्यात असा कोरा पांढरा पटका बांधतात तो बाराव्याला, घरातलं माणूस गेल्यावर. हेही आठवलं उशिरा. माळावर बाकी सगळी डोकी पिवळी. लांबच्या गावचे पाव्हणे एकेक करून जवळ येत होते आणि आवाज खाली करून मामांना विचारत होते, कोण गेलं?
मामा प्रत्येकाला तेच सांगत होते. "बा गेला. माधवनगरला."

मी शेजारीच होतो. फार लाज वाटली. घरचा जावई म्हणून दोघातिघांनी पाठीवर हात ठेवून माझंही सांत्वन केलं.
मी ते करून घेतलं.