पाठ केलेला उतारा

बाई, आज संध्याकाळी सहाच्या आत मला एका परीक्षेचा फॉर्म भरायचाय. दोन परीक्षा समोर आहेत, त्यातली एक निवडायची, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी तुमच्या क्लासातल्यासारखी घड्याळाकडे बघत बसलेय. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुझं तुला कळतं." हे वाक्य तुम्ही कोणालाच कधी ऐकवलं नाहीत. तुमचं आपलं उलट, "तुला काय कळतंय ते मला दिसू दे आधी." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी आज विचारावंसं वाटलं ते तुम्हालाच, म्हणून कागद पुढे ओढलाय.

मी विक्रोळीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. बाबा ज्या कारखान्यात फिटर होते, त्याच्या पलीकडच्याच गल्लीत आमचं काचेचं ऑफिस आहे. आता क्लायंटने अट घातली आहे की टीममधल्या प्रत्येकाकडे मुदत न संपलेलं सर्टिफिकेट पाहिजे. माझं कधीच संपलंय. पुढच्या महिन्याअखेर नवं दाखवलं नाही तर मला प्रोजेक्टवरून काढून बेंचवर बसवतील, म्हणजे पगार चालू, काम बंद. तिशीतला माणूस बेंचवरून उठून दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो. माझ्या वयाचा बहुतेक वेळा घरी जातो. तशी दोघीतिघींची निरोपाची कॉफी मी प्यायलेय.

एक परीक्षा दीड तासाची. प्रश्न, खाली चार पर्याय, बरोबर असेल त्यावर टिचकी. तिची या वर्षीची प्रश्नोत्तरं माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने परवाच मोबाइलवर पाठवली आहेत. दुसरी तीन तासांची. तिच्यात प्रश्न नसतातच. बिघडवून ठेवलेलं मशीन समोर देतात आणि सांगतात, हे दुरुस्त करा. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू करतात, आणि तुम्ही केलेलं टिकलंय का तेवढंच बघतात. ही मी तीन महिन्यांपूर्वी दिली आणि नापास झाले. सगळं केलं होतं, पण मशीन पुन्हा चालू झाल्यावर डिस्क आपोआप जोडली जावी, अशी एक नोंद करायची राहिली. मशीन उठलं आणि माझी तीन तासांची मेहनत विसरून गेलं. मैत्रीण म्हणते, "अगं, कशाला जीव काढतेस? क्लायंटला कागद पायजे ना? दे ना कागद! त्या दुसऱ्या परीक्षेत परत लटकलीस तर वाट लागेल यार." ती वाईट नाही हो बाई. माझी काळजी आहे म्हणूनच बोलते.

तुमचा भांडुपचा क्लास आठवतोय. पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला, अकरा टाइपरायटर, आणि खालच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या खिडक्या. माझी बारावी नुकतीच संपली होती. बाबांनी आणून सोडलं आणि जाताना जिन्यात म्हणाले, "अगो, कागद हातात आसलो की कोणाच्या बापाक भियाक नको." त्यांच्या आयुष्यात तो कागद नव्हता. हाताखाली शिकलेली पोरं आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन यायची आणि दोन वर्षांत त्यांच्यावरच साहेब व्हायची. त्यामुळे मला लवकरात लवकर मिनिटाला चाळीस शब्दांच्या स्पीडचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि त्यासाठी काय करायचं ते मी शोधून काढलं होतं. तुमच्या कपाटात जुन्या परीक्षांचे उतारे होते. आलटून पालटून तुम्ही तेच द्यायचात. मी ते पाठ केले. पाठ असल्यावर कागदाकडे बघावं लागत नाही, मग खुशाल खाली अक्षरांकडे बघत बोटं चालवता येतात. तुम्ही मागून यायचात आणि म्हणायचात, "खाली काय सिनेमा लागलाय गं?" मी मान वर करायचे. तुमची पाठ वळली की ये रे माझ्या मागल्या.

मग ती सराव परीक्षा. तुम्ही घड्याळ लावता, सात मिनिटं. उतारा जंगलांच्या महत्त्वाचा, माझ्या हातखंडा यादीतला. मी पहिली ओळ बघते आणि सुटते. घंटी, लिव्हर, घंटी, लिव्हर, आणि सगळ्यांच्या आधी माझा कागद बाहेर. तुम्ही उभ्या उभ्याच वाचता, लाल पेन्सिल कानामागेच राहते. "एकही चूक नाही," तुम्ही म्हणता. मी फुशारून बसते. "फक्त मी दिलेला उतारा हा नव्हे." पहिल्या दोन ओळी तेवढ्या जुन्या ठेवून पुढचं सगळं तुम्ही बदललं होतंत, जंगलांच्या जागी रेशनिंगचं धान्य घातलं होतंत. मी तुमच्या धान्याच्या कागदावरून सात मिनिटं जंगल टाइप केलं! क्लास हसून लोळला. तुम्ही हसला नाहीत. "तू टाइप नाही केलंस, पाठांतर म्हटलंस. या खेपेला तुझा फॉर्म मी भरत नाही."

सहा महिने, बाई. आमच्या चाळीतली समोरच्या खोलीतली मुलगी पास होऊन नोकरीला लागली आणि मी पुठ्ठ्याच्या झाकणाखाली हात घालून ए एस डी एफ बडवत होते. ते झाकण तुम्ही बुटांच्या खोक्यापासून केलं होतंत, वर खाकी कागद, पुढून हात घालायला जागा, म्हणजे खालची अक्षरं दिसायला नकोत. बाबा तुमच्याशी भांडायला आले. तुम्ही त्यांना शांतपणे विचारलंत, "तुमच्या कारखान्यात मोजमाप न घेता अंदाजाने 'बरोबर' म्हणून सही कराल का?" बाबा तसेच जिना उतरले. मला तुमचा इतका राग आला होता की घरी कोणी तुमचं नाव काढलं तरी मी ताटावरून उठायचे. पुढच्या खेपेला पास झाले, त्या कागदावर अंधेरीला डेटा एन्ट्रीची नोकरी लागली, तिथून हळूहळू कॉम्प्युटर दुरुस्तीत आणि सर्व्हरमध्ये. म्हणजे बाबांचंही खोटं नव्हतं. दार कागदानेच उघडलं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. सव्विसाव्या वर्षी ऑफिसात सर्व्हरच्या सर्टिफिकेटची साथ आली. ज्याच्याकडे ते त्याला बढती. परीक्षेत येणारे प्रश्न उत्तरांसकट कुठून तरी जमवून स्पायरल बाइंडिंग केलेली एक वही हातोहात फिरत होती. मी ती सव्वा महिना घोकली. पहिले चार शब्द वाचले की तिसरा पर्याय की चौथा ते कळायचं, प्रश्न काय आहे ते कळायचं नाही. वीस मिनिटांत पास झाले आणि पेढे घेऊन मुलुंडला तुमच्या घरी आले. तुम्ही कॉटवर होतात, हात बारीक झाले होते. सर्टिफिकेट तुम्ही दोन्ही बाजूंनी बघितलंत आणि विचारलंत, "बिघडलेलं मशीन पुढ्यात देतात का गं?" मी म्हटलं, नाही बाई, चार पर्याय असतात. "बरं. उतारा नवा होता ना?" मी म्हटलं, "हो बाई." तुम्ही अर्धा पेढा खाल्लात आणि भाचीला सांगून माळ्यावरून ते खाकी झाकण काढायला लावलंत. "क्लास तर बंद झाला. हे तू ठेव." त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात.

वर्षभराने ते सर्टिफिकेट वटलं. आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम होतं. भर दुपारी त्यांचा सर्व्हर बसला, काउंटरवर रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं उभी, आणि सर्टिफाइड बाई म्हणून मला पाठवलेलं. सगळ्या रिपोर्टची रोजची प्रत, म्हणजे बॅकअप, घेतला जातो अशी मी रोज सही करत होते. तो परत कसा चढवायचा हे मात्र मी कधी करून बघितलं नव्हतं. त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर तिसरा पर्याय, एवढं आठवत होतं. एका बाईला त्या रिपोर्टवर नवऱ्याचं ऑपरेशन ठरवायचं होतं, ती काचेपलीकडून माझ्या हातांकडे बघत होती. शेवटी घाटकोपरहून आमचे एक सीनियर आले, ज्यांच्याकडे एकही सर्टिफिकेट नव्हतं. "जरा बाजूला होता का मॅडम?" म्हणाले आणि पाऊण तासात रिपोर्ट परत आणले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी तुमच्यासाठी रडले, आणि त्यात शरमच जास्त होती.

आता लोक मलाच विचारतात, कुठलं सर्टिफिकेट करू. मी सांगते, क्लासच्या काउंटरवर विचारू नका, जो ते काम रोज करतो त्याला विचारा. पुढच्या वर्षी ज्याचं नावही राहणार नाही अशा सॉफ्टवेअरचं करू नका. आणि एक मी स्वतः मार खाऊन शिकले आहे. जी परीक्षा नापास होऊनही काहीतरी शिकवून जाते ती द्यावी. तीन महिन्यांपूर्वी राहिलेली ती नोंद आता मी झोपेतही विसरणार नाही. वीस मिनिटांत पास झालेल्या परीक्षेतलं मला एक अक्षर आठवत नाही. दुसऱ्यांना सांगताना हे किती सोपं वाटतं! स्वतःचा फॉर्म भरायची वेळ आली तशी मी तीन दिवस मैत्रिणीची ती फाइल उघडून मिटून बसले आहे. काल चाळीस प्रश्न वाचलेही. पाठ व्हायला लागले होते.

साडेपाच झाले तेव्हा उठून मोठ्या परीक्षेचा फॉर्म भरला. पुन्हा लटकले तर बेंच, आणि बेंचवरून काय ते ठाऊक आहे. भीती वाटतेय, बाई, चांगलीच वाटतेय. पण त्या काचेपलीकडच्या बाईसमोर परत तशी उभी राहायची भीती त्याहून जास्त वाटते. मैत्रिणीची फाइल पुसून टाकली. तिला अजून सांगितलेलं नाही, उद्या डब्याच्या वेळी सांगेन, ती मला वेडी म्हणेल.

हे पत्र कुठे टाकायचं? मुलुंडची तुमची बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झालाय. घडी घालून तुमच्या झाकणात ठेवते. ते मला बक्षीस म्हणून दिलंत, की सगळं ओळखून दिलंत, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. तुम्ही विचारलं होतंत आणि मी तुमच्या तोंडावर हो म्हटलं होतं. उतारा नवा नव्हता, बाई.