बदलीच्या गाडीतली धून

लिमरिक, १४ नोव्हेंबर १९२७

प्रिय ओनोरा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तू बरी असशील, तिकडे इंग्लंडात प्रेस्टनच्या गिरणीतलं काम झेपत असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे. शाळेतली मास्तरकी सोडून दोन वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, घसा अजून शाबूत आहे. भाषणांना बोलावतात, मी जातो.

तुझे वडील गेले हे तू एका ओळीत कळवलंस, आणि त्याखाली तो रेडिओचा प्रसंग लिहिलास. निवेदकानं सांगितलं, ‘गढी सोडताना’, तीनशे वर्षांची आयरिश धून, कर्ता अज्ञात. आणि अंथरुणातून तुझे वडील म्हणाले, “तीनशे वर्षांच्या मानानं बरा टिकलोय की गं मी!” तू हसलीस, असं लिहिलंयस. मला हसू आलं नाही.

तू विचारलंयस, माझ्या धुनांच्या पुस्तकात त्यांचं नाव का आलं नाही? मी लगेच उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, की छापखान्यात जागा कमी पडली. तो कागद फाडला. मग लिहिलं, की धुनांचं मूळ कोणालाच सांगता येत नाही, त्या हातोहात घडत जातात. हे खरं आहे, यावर मी दोन तास बोलू शकतो. तोही फाडला.

आमच्यात, धुना गोळा करणाऱ्यांत, एकच धर्म आहे. स्वरांखाली लिहायचं: कोणाकडून मिळाली, कोणत्या गावात, कधी. माझ्या वहीत लिहिलंय: ‘पीटर बेर्न, हवालदार, पोलीस चौकी, कोरोफिन, मार्च १९०६.’ चौकीच्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी. तुझ्या वडिलांनी व्हायोलिनवर पाच वेळा वाजवली, तू माझी वही धरून उभी होतीस.

मी विचारलं, “जुनी आहे?”

“जुनी कसली, मास्तर! पहिल्या बदलीच्या गाडीत जुळली. पोलिसाला स्वतःच्या जिल्ह्यात ठेवत नाहीत ना. आमचं रॉसकॉमन मागं पडत होतं, आई कुंपणाशी उभी होती. रडलो असतो तर सोबतचा सार्जंट हसला असता. म्हणून शीळ घातली.”

दोन वर्षांनी पुस्तक छापायला गेलं, तेव्हा ती ओळ मी खोडली. ओनोरा, मला राष्ट्राचा हजार वर्षांचा आवाज हवा होता, आणि माझ्या हाती लागला होता इंग्लंडच्या राजाचा पगार खाणारा एक हवालदार! मी लिहिलं, ‘फार प्राचीन. गढी सोडणाऱ्या सरदारासाठी रचलेली असावी.’ हे ‘असावी’ माझं. माझ्यावरून लिहिलेल्या पुढच्या पुस्तकानं ते गाळलं. लंडनच्या प्रकाशकानं पियानोची साथ घालून छापताना सरदाराला घराणं दिलं. शाळेच्या पुस्तकात त्याची तलवारही आली. एकानंही कोरोफिनला येऊन विचारलं नाही. सगळ्यांनी एकमेकांचं वाचून लिहिलं, आणि सगळ्यांच्या आधी माझं.

इथवर लिहिणं सोपं होतं.

१९१९ची ती सभा तुला आठवते. पोलिसांना वाळीत टाका, असं मी बोललो. त्यांना दूध विकू नका, चर्चमध्ये त्यांच्या बाकावर बसू नका, त्यांच्या मुलींशी बोलू नका. सभेआधी लोक तापावेत म्हणून मी बँडला एक धून वाजवायला सांगितली होती. कोणती, ते तुला माहीत आहे. तुम्ही दोघं चौकीच्या खिडकीत होतात. तुझ्या वडिलांनी टोपी काढली. मला वाटलं, राष्ट्रासमोर माणूस वाकला! मी ते पुढच्या तीन सभांत सांगितलं. त्यांना आपली आई कुंपणाशी दिसली असेल, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी दूधवालीनं तुझं भांडं रिकामं परत पाठवलं.

पोलिसांशी लढायचं होतं, यावर मी आजही ठाम आहे. पण एका माणसाचं गाणं चोरून त्यालाच हाकलायला ते वापरणं, ही लढाई नव्हे.

नव्या आवृत्तीत नाव घाला, असं मी प्रकाशकाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: ‘सरदार खपतो, हवालदार खपणार नाही.’ म्हणून काल रविवारी एनिसच्या संगीत मेळाव्यात मी व्यासपीठावरून सगळं सांगितलं.

मागून एक जण ओरडला, “म्हणजे मास्तर, आम्ही पोलिसाच्या गाण्यावर रडलो होय?”

“रडलास. गाणं चांगलं आहे म्हणून रडलास.”

थोडे हसले, बरेच उठून गेले. मग पुढच्या बाकावरची एक बाई शांतपणे म्हणाली, “तो माणूस जिवंत होता तेव्हा का नाही बोललात?”

लोक वाट बघत होते. मी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, आणि खाली उतरलो.

तिला जे सांगता आलं नाही ते तुला सांगतो. टाळ्या थांबतील, याची मला भीती वाटत होती. दुसरं कारण नव्हतं.

माफी मागत नाही. ती देणारा माणूस गेला, आणि त्याच्या वतीनं ती तुझ्याकडून वसूल करणं म्हणजे पुन्हा चोरीच.

एका हवालदाराच्या शिळेवर आयुष्यभर मोठा झालेला,

मॅलकी कॉन्सिडाइन