कामट्यांतला पाय

५ डिसेंबर १९३७
पोचलो एकदाचा! कल्याणहून मोटार, मुरबाडहून बैलगाडी. मोडक्या हाडासकट मी दगडधोंड्यांवरून आदळत आलो, तरी मजा वाटली. कॉलेजच्या हुतुतूत नडगी मोडली. शहापूरच्या काकांचा डॉक्टरांपेक्षा या वाडीतल्या बुधूवर विश्वास. त्याने हाड बसवले, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या घालून दोरीने बांधले. त्याची बायको राही नाचणीची भाकर आग्रहाने वाढते. महिन्यात चालशील, म्हणाला बुधू. मार्चमध्ये परीक्षा आहे. तोवर ठणठणीत होईन.

१२ डिसेंबर
बुधू रोज दोरी सैल करतो, अंगठा हलवायला सांगतो, पुन्हा बांधतो. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागतो. मैदानावर हाड मोडताना ऐकलेला तो 'कट' आवाज पुन्हा ऐकू येईल असे वाटते. मित्रांना कळले तर भित्री भागूबाई म्हणतील.

२८ डिसेंबर
आज दोरी सैल करताच आवाज आला. बुधू म्हणतो, काही वाजले नाही. राहीनेही ऐकले नाही म्हणे. मी ऐकला.

४ जानेवारी १९३८
कामट्या निघाल्या. बुधूने उभे राहायला सांगितले. पाऊल टेकले आणि — कट. मटकन बसलो, लहान मुलासारखा रडलो. बुधूने नडगी चाचपली. "पाय बरा झालाय रे दादा. तुजा धीर मोडलाय. त्याला माज्याकडं पाला नाय." तो काकांना आणायला शहापूरला निघाला.

५ जानेवारी
राही रानात गेल्यावर कामट्या मीच बांधल्या. दातांनी दोरी आवळली. आवाज थांबला! वर घोंगडी घेतली. राहीला सांगितले, थंडी वाजते.

६ जानेवारी
रात्रभर पाय ठणकला. आता पाऊल गार. दुखत नाही — म्हणजे जुळतोय. कॉलेज नको, परीक्षा नको. कोणी हात लावू नये फक्त.

७ जानेवारी
बोटे काळी. घाबरलो — सोडायला गेलो, गाठ सुटत नाही. राहीला हाक मारावी — ती दोरी कापेल, मग कट — नाही मारली.

गाडी आली. काका, बुधू. राहीने घोंगडी ओढली, किंचाळली. बुधूने दोरी कापली — आवाज नाही. काहीच नाही. काका तोंड फिरवून उभे. बुधू रडतोय, विनवतोय, अंगठा हलव रे दादा, एकदाच. हलवतोय की. बघ ना बुधू, मघापासून हलव—