झिजलेली बाजू

प्रिय डावरे,

"बाबा मला ओळखणारच नसतील तर येऊन काय करू, दादा?" असं तू फोनवर म्हणालीस आणि मी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवला. मी उत्तर न देण्याचे प्रसंग दुर्मीळ, म्हणून हे लेखी उत्तर.

इकडचं वर्तमान चांगलं नाही. बाबांनी जन्मभर जमवलेल्या जुन्या सुऱ्या आठवतात ना? चांभाराच्या, खाटकाच्या, कलमं करणाऱ्या माळ्याच्या. काही तर आपल्या पणजोबांहून वडील. त्यांची काळवंडलेली पाती घासणं हे बाबांच्या धर्मशास्त्रात सहावं महापातक. सुरीचं आयुष्य त्या डागांतच असतं, म्हणायचे. आईने एकदा एक पातं लिंबू चोळून लख्ख केलं, तर आठवडाभर घरात कुणी गेल्यासारखी शांतता होती.

गेल्या महिन्यात कामावरून आलो, तर बाबा जमिनीवर बसलेले, हातात भांड्यांची घासणी, आणि पुढ्यात सगळ्या सुऱ्या आरशासारख्या चकचकीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात पुसून टाकलेले. "पाहुणे यायचेत," म्हणाले, "कळकट सुऱ्या कशा मांडायच्या?" डॉक्टरांच्या तपासण्यांनी मला जे पटलं नव्हतं, ते त्या लखलखाटाने पटवलं. आईची फळं चिरायची सुरीही सुटली नव्हती.

तेव्हापासून मला "आपण कोण?" विचारतात. तेही किती अदबीने! पन्नाशीत प्रथमच बाबांनी मला अहो-जाहो केलं. मान मिळायचा योग कसला निघाला, बघ.

परवा मी कांदा चिरत होतो, तर त्यांनी हातातली सुरी काढूनच घेतली. खिडकीशी नेली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, पात्याची पाठ डोळ्यासमोर धरली, पूर्वी जुना माल पाहायचे तशी. म्हणाले, "ही आमच्या थोरल्याची. नुसत्या टोकाने कापतो, मागची धार कोरीच. पहिल्यापासून आळशी!" मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला कुठे मिळाली?"

मी धावत जाऊन आईची सुरी आणली. डाग गेले होते, पण झीज कुठे जाते? पातं उलट्या बाजूने उतरलेलं, तुझंही उतरतं तसं. "डावखुरी बाई," ते म्हणाले. "मुठीपाशी जोर द्यायची." बराच वेळ ती धरून बसले. मग हळूच, "ती गेली ना हो?" मी हो म्हटलं. डावरे, विसरलेलं ते त्यांना त्या क्षणी पुन्हा पहिल्यांदाच कळलं होतं. नंतर त्यांच्याकडे बघवेना.

म्हणून लिहितोय. ये, आणि तुझी रोजची सुरी आण, ती काळ्या मुठीची. धार लावू नकोस, घासू तर मुळीच नकोस. चेहऱ्याची हमी देत नाही, तुलाही "आपण कोण?" म्हणतील, तेव्हा हसून घे. नुसती सुरी त्यांच्या हातात दे आणि समोर बस. पण लवकर ये. काल माझी सुरी पुन्हा दिली, तर खूप वेळ निरखून म्हणाले, "कुणा आळशी माणसाची दिसते." थोरला गेला, आळशी तेवढा उरलाय.

तुझाच, उरलेला,
दादा