तोंडपाठ खांदा

तीर्थरूप मावशीला,

आठांपैकी सात अंगांनी नमस्कार. आठवं अंग म्हणजे उजवा हात. तो छातीपर्यंत येतो आणि तिथेच थबकतो, त्याला माफ कर.

फार वर्षांपूर्वी तू एक वाक्य म्हणाली होतीस. मी कठड्यावर बसून गल्लीतल्या पोरांना सायकलचे धडे देत होते. तोल कसा सांभाळायचा, वळताना नजर कुठे ठेवायची, कोणता ब्रेक आधी दाबायचा, सगळं. तू मागून आलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "या मुलीला सायकलबद्दल सगळं येतं, फक्त सायकल येत नाही." मी तुझ्याशी कायमचा अबोला धरला होता (जेवायची वेळ होईपर्यंत). ते वाक्य मला गेल्या आठवड्यात पुन्हा आठवलं, तेव्हा मी एका पडद्यामागे उभी होते आणि माझा कुर्ता माझ्या डोक्यावर अडकलेला होता. तिथे कशी पोचले ते सांगायला हे पत्र.

पण आधी तुझी तब्येत. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, शेजारणीशी भांडणही पूर्ववत सुरू झालं, असं तुझ्या लेकाने, दादाने, फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. त्याने आणखीही सांगितलं. व्यायाम शिकवायला जे गृहस्थ येतात त्यांचं तू मान डोलावत ऐकतेस, "समजलं हो, अगदी छान समजलं" म्हणतेस, त्यांना चहा पाजतेस आणि ते जिना उतरले की पुन्हा खुर्चीत जाऊन बसतेस. हा गुडघा आत्ता वाकला नाही तर पुढे तसाच ताठ राहील, असं डॉक्टर म्हणालेत, आणि दादा घाबरलाय. "तू शिकवणारी आहेस, तूच समजाव तुझ्या मावशीला," असं त्याचं म्हणणं. मावशी, मी तुला काहीएक समजावणार नाही. माझी हकिकत वाचलीस की कळेल, या कामाला माझ्याइतकी नालायक बाई शोधून सापडायची नाही.

तर माझा खांदा आखडला. कारण काही नाही. पडले नाही, ओझं उचललं नाही, एक दिवस हात वर जाईनासा झाला. फळ्याचा वरचा अर्धा भाग मी सोडून दिला. खालच्या अर्ध्यात त्रिकोण काढते, त्यामुळे शेवटच्या बाकांवरच्या मुलांना माझ्या त्रिकोणांची फक्त टोकं दिसतात. (एकाने विचारलं, "बाई, हा डोंगर आहे का?") शेवटी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची आहे. सगळे तिला छोट्या मॅडम म्हणतात. तिची एक पद्धत आहे. व्यायाम सांगून झाला की ती हातातलं सगळं बाजूला ठेवते आणि म्हणते, "आता तुम्ही मला सांगा. मी पेशंट, तुम्ही मॅडम." नुसती मान हलवून सुटका नाही. आपल्या शब्दांत सगळं परत सांगायचं: हात किती वर, कुठे थांबायचं, कोणतं दुखणं चालेल, कोणतं चालणार नाही.

आता मला सांग, जन्मभर वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला यापेक्षा सोपी परीक्षा कोणती? मी असं काही सांगितलं की मॅडम बघतच राहिल्या. खांद्याभोवतीचं वेष्टण कसं घट्ट होतं, ते हळूहळू ताणून मोकळं कसं करायचं, दाराला लावलेल्या कप्पीच्या दोरीने चांगल्या हाताने दुखरा हात वर कसा ओढायचा, सगळं उदाहरणांसकट. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायच्या व्यायामाला तर मी कोळ्याची उपमा दिली. मॅडमना ती इतकी आवडली की त्यांनी ती पुढच्या पेशंटला ऐकवली, आणि पुढे पुढे पेशंटच माझ्याकडे पाठवू लागल्या. "त्या बाईंना विचारा, त्या छान सांगतात." बाहेरच्या बाकावर माझा वर्गच भरू लागला. एक शिंपी होते, त्यांचा हात वरच्या फळीवरच्या कापडापर्यंत पोचत नव्हता. त्यांना मी कपडे घालण्याचा नियम शिकवला: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. "बाई," ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या बाह्या शिवल्या, पण बाहीत शिरायचं कसं ते आज कळलं." मी संकोचाने मान खाली घातली. (संकोच खोटा होता.)

घरी काय चाललं होतं ते ऐक. कप्पी मी हौसेने दाराला लावली. तिच्या दोरीवर मोजे छान वाळतात. भिंतीपाशी कोळी एकदाच गेला, वाटेत दुखलं, परत आला. मॅडम दर खेपेला दोन पात्यांचं कोनमापक लावून माझा हात किती वर जातो ते मोजायच्या. भूमिती शिकवणाऱ्या बाईचा कोन जागचा हलत नव्हता. शिंपी वरच्या फळीपर्यंत पोचले. माझ्याच बाकावर शिकलेल्या एक आजी स्वतःची वेणी स्वतः घालून आल्या आणि मला वाकून दाखवून गेल्या. मी तशीच. आणि मॅडम, मावशी, मॅडम स्वतःलाच दोष देऊ लागल्या. "माझंच काहीतरी सांगायचं राहतंय," म्हणत त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मीही पुन्हा पहिल्यापासून अचूक सांगितलं. मग मोठ्या डॉक्टरांनी ऐकवलं, की असंच राहिलं तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल. तो शब्द ऐकून मी घरी आले, कप्पीवरचे मोजे काढले, दोरीकडे बघितलं आणि मोजे परत तिच्यावरच वाळत घातले.

गेल्या आठवड्यात पुन्हा मोजायचा दिवस होता. पडद्यामागे जाऊन कुर्ता काढून सैल अंगरखा घालायचा. धांदलीत मी दुखरा हात आधी काढायला गेले. बाही कोपरात अडकली, कुर्ता तोंडावर आला, चांगला हातही आत अडकला, आणि मी अंधारात उभी. बाहेर शिंपी एका नवीन पेशंटला सांगत होते, "काढताना दुखरा हात शेवटी. नीट ऐका हं, परत विचारणार आहे." माझेच शब्द, आवाजही थेट माझा, वर्गातला. तेव्हा तुझं सायकलचं वाक्य आठवलं आणि मला आत हसू आलं, आणि हसल्यामुळे आणखी अडकले.

मॅडम आल्या. त्या बाही सोडवू लागल्या आणि सोडवता सोडवता हळूच म्हणाल्या, "बाई, घरी करता का हो?"

माणसाचं तोंड कापडात असलं की खोटं बोलवत नाही. मी आतूनच म्हणाले, "नाही."

"का?"

"दुखतं. आणि भीती वाटते, काहीतरी तुटेल आत."

"अहो, मग हे सांगायचं ना! बाकी सगळं सांगितलंत की."

डोकं बाहेर आलं तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या. उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसत होतं. त्यांनी मला काही शिकवलं नाही. माझा हात नुसता धरून उभ्या राहिल्या, मग थोडा वर नेला. दुखलं. त्यांनी थांबवून ठेवला. दुखणं ओसरलं. "तुटलं का काही?" म्हणाल्या. काहीच तुटलं नव्हतं. तेवढंच. पण ते तोंडपाठ करण्यासारखं नव्हतं, म्हणून मला तोवर ठाऊक नव्हतं.

आता रोज करते. म्हणजे, बहुतेक रोज. फळ्यावरचा डोंगर बोटभर वर सरकलाय. मोजे बाल्कनीत गेले.

दादाला सांग, मी पत्र लिहिलं पण समजावलं काही नाही.

तुझी (खांद्यासकट) भाची

ता. क. गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन बसतेस ना? दादाने तेही सांगितलंय. ती काढ. आराम वाटतो, पण पाय तसाच अर्धवट वाकलेला आखडतो, मग ना पुरता वाकत ना सरळ होत. (हे समजावणं नव्हे. ही चुगली आहे, आणि ती दादाने केली.)

ता. क. दुसरं. मीही उशी घेत होते, काखेत.

ता. क. शेवटचं, आणि एवढ्यासाठीच खरं तर पत्र. मला एकटीला भीती वाटते. तुला वाटत नाही, हे मला माहीत आहे. तू फक्त खुर्चीत बसून राहतेस. तर सकाळी चहाच्या आधी मला फोन लाव. बोलायचं काही नाही. फोन बाजूला ठेवायचा, तू गुडघा वाकवायचा, मी हात वर न्यायचा, आणि दोघींनी मनसोक्त कण्हायचं. पुढे मला सायकल शिकवलीस तेव्हा तू मागून धरून पळत होतीस, आणि मध्येच सोडून दिलंस ते मला सांगितलंही नाहीस. या वेळी मला धरू दे. तू म्हणशील, "काही नको, माझं मी करते." तरी विचारते. उद्या लावशील का?